दिवाळीची सुट्टी, घर आणि मुंबई : फोटोग्राफीच्या पहिल्या वर्षाला असलेल्या आपल्याकडच्या मुलांसाठी

पुण्या-मुंबईला किंवा बेंगळूरला फोटोग्राफी शिकायला गेलेली आपल्याकडची मुलं दिवाळीला घरी निघाली की हमखास विचारतात, "सुट्टीत काय काढू?" गाव बेळगाव असो, खानापूर असो, निपाणी नाहीतर चिकोडी असो, बेत साधारण सगळ्यांचा एकच असतो. आठ-दहा दिवस घरी, मग तीन-चार दिवस मुंबईला मावशीकडे किंवा काकांकडे, आणि सुट्टी संपल्यावर वर्गात दाखवायला दहा-बारा फोटो.

माझं सांगणं असं की घरी असताना माणसं काढा, मुंबईत गेलात की उजेड आणि इमारती काढा. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. घरी पोचले की मोटारसायकल काढून धबधबा, गड, धरण गाठतात आणि मुंबईत फुटपाथवर झोपलेल्या अनोळखी माणसावर लेन्स रोखतात. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत चुलीपर्यंत जायचा जो हक्क तुम्हाला आहे, तो बाहेरून आलेल्या कितीही नावाजलेल्या फोटोग्राफरला मिळत नाही. मुंबईत तो हक्क तुमच्याकडे नाही. तिथला समुद्राकडून येणारा उजेड आणि जुन्या दगडी भिंती मात्र सगळ्यांच्या आहेत. पुढचं सगळं या हिशेबानं लिहिलं आहे.

निघण्याआधी

एक कॅमेरा, एक लेन्स. ३५ किंवा ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर तीच घ्या, नसेल तर कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ पुरेशी आहे. मोठी टेलिफोटो घरी माणसांपासून लांब उभं राहायची सवय लावते, आणि सुट्टीत नेमकं तेच नको आहे. दोन बॅटऱ्या, दोन कार्डं, चार्जर, लेन्स पुसायचं कापड, एक पोर्टेबल हार्ड डिस्क आणि एक साधी वही-पेन्सिल. वही विसरू नका, पहिल्याच दिवशी लागणार आहे.

कॅमेरा कॉलेजचा असेल तर तो तुमच्याकडे दिल्याचं पत्र सिरियल नंबरासकट घ्या आणि कॉलेजचं ओळखपत्र खिशात ठेवा. कोणी अडवून विचारलं तर हे दोन कागद बरंच काम करतात.

तिकिटाचं आधी बघा. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि दिवाळीच्या गाड्या लगेच भरतात. ट्रॅव्हल्सचे दर त्या आठवड्यात दुप्पट-तिप्पट होतात. पुण्याहून येणार असाल तर दिवसाची बस घ्या. कागल सोडलं, कोगनोळीचा टोलनाका गेला, की निपाणीपुढे तवंदीचा घाट लागतो. उतरत्या उन्हात तो खिडकीतून बघण्यासारखा असतो. कॅमेरा काढायची गरज नाही, नुसतं उन्हाकडे बघा. घाटाच्या कुठल्या अंगाला सावली येते, किती वाजता येते, हे टिपत जाण्याची सवय पुढे कायम उपयोगी पडते.

पहिलं काम : भिंतीवरचे आणि ट्रंकेतले फोटो

घरी पोचल्यावर पहिले दोन दिवस नवा फोटो काढण्याआधी जुने फोटो उतरवून घ्या. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक घरात सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, आजोबा-पणजोबांची फ्रेम असते आणि ट्रंकेत लग्नाचे, बारशाचे, कुणाच्या मिलिटरीतले फोटो असतात. त्यांना कसर लागते, पावसाळ्यात ओल धरते, काचेला कागद चिकटतो. आणि त्यातली माणसं ओळखणारं घरात एकच माणूस उरलेलं असतं, बहुधा आज्जी. म्हणून हे काम पुढच्या सुट्टीवर टाकू नये असं मला मनापासून वाटतं.

पद्धत सोपी आहे, पण घाई चालत नाही. सोप्याच्या दाराजवळ, थेट ऊन पडत नाही अशी जागा बघा. सकाळी नऊ-दहाला किंवा दुपारी चारनंतर तिथे मऊ उजेड असतो. फोटो भिंतीला टेकवून खुर्चीवर उभा ठेवा, कॅमेरा समोर डब्यांच्या नाहीतर पुस्तकांच्या चळतीवर. लेन्सचा मधला बिंदू आणि फोटोचा मधला बिंदू एका रेषेत हवा, आणि कॅमेरा फोटोला अगदी समांतर हवा, नाहीतर चौकोनाचा शेंगोळा होतो. झूम असेल तर ५० च्या आसपास ठेवा, एफ ८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर लावून क्लिक करा, हात लावू नका. फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फॉरमॅटमध्ये, घ्या.

उजेड दोन्ही बाजूंनी सारखा आहे का, हे डोळ्याला कळत नाही. त्याला एक जुनी युक्ती आहे. फोटोच्या मध्यावर पेन्सिल आडवी, पृष्ठभागाला काटकोनात धरा. टोक कागदाला लागू देऊ नका. पेन्सिलीच्या दोन्ही अंगांच्या सावल्या सारख्याच फिक्या दिसल्या तर उजेड बरोबर आहे. एक गडद दिसली, तर त्या बाजूला धुतलेली पांढरी चादर किंवा थर्माकोल उभा करा, परतलेला उजेड ती सावली फिकी करतो.

फ्रेममधून फोटो काढताना मागचा पुठ्ठा आणि बारीक खिळे सांभाळून काढा. फोटोला फक्त कडेनं धरा. तो काचेला चिकटलेला असेल तर ओढू नका, ओढलात की चेहऱ्यावरचा थर काचेवर राहतो आणि तो परत मिळत नाही. तसाच काचेसकट उभा करा. काचेत कॅमेऱ्याचं आणि तुमचं प्रतिबिंब दिसतं, त्यासाठी एक काळं कापड घ्या, त्याला लेन्सपुरतं भोक पाडा आणि ते कॅमेऱ्यापुढे पडद्यासारखं धरायला धाकट्या भावाला उभं करा. प्रत्येक फोटोची मागची बाजूही घ्या. स्टुडिओचा शिक्का, तारीख, कुणीतरी शाईनं लिहिलेलं नाव, सगळं तिथेच सापडतं.

आता वही. आज्जीला शेजारी बसवा, एकेक फोटो हातात द्या आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा. "ही माझी थोरली नणंद. हिला कडोलीला दिलेली. हिच्या मांडीवर आहे तो तुझा बा." नाव, नातं, माहेर, सासर, गाव. साल विचारलंत तर बहुतेकदा उत्तर येणार नाही. घटना विचारा. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालेलं का? तो भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. ७२ च्या दुष्काळात थोरला चालायला लागला होता का? आणीबाणीत घर बांधलं की नंतर? असे दोन-तीन खुंटे मिळाले की फोटोचं साल वर्ष-दोन वर्षांच्या फरकानं बसतं. बोलताना तिचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवा, आधी सांगून.

ती बोलत असतानाच तिचा फोटोही काढा. हातात जुना फोटो, दारातून येणारा उजेड, नजर कॅमेऱ्याकडे नाही. सुट्टीतला तुमचा सगळ्यात चांगला फोटो बहुतेक वेळा हाच निघतो, कारण त्या क्षणी ती तुमच्यासाठी बसलेली नसते.

दिवाळी

नरकचतुर्दशीला पहाटे सगळे उठतात, तुम्ही अर्धा तास आधी उठा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य साडेसहाच्या थोडा आधी उगवतो. त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी आकाश गडद निळं असतं आणि दारातल्या पणत्या पिवळ्या. पहाटे हे दोन रंग एकत्र मिळायची वेळ एवढीच. उजाडलं की पणतीचा प्रकाश फोटोत दिसेनासा होतो.

पणतीच्या उजेडात फ्लॅश मारू नका. कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर तो पणतीचा पिवळेपणा काढून टाकायला बघतो, म्हणून ते डेलाइटवर टाका. फारच नारिंगी वाटलं तर चार हजार केल्व्हिनच्या आसपास आणा. ५० ची एफ १.८ लेन्स असेल तर आयएसओ १६०० आणि शटर १/६० वर लक्ष्मीपूजनाचे चेहरे हातात धरून निघतात. कॅमेऱ्याबरोबर आलेली किट लेन्स असेल तर आयएसओ ३२०० पर्यंत जा. दाणे दिसले तरी चालतील, हललेला चेहरा चालत नाही. आकाशातल्या आतषबाजीला मात्र ट्रायपॉड लागतो, आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोन ते चार सेकंद.

पोरांचे मातीचे किल्ले हा विषय बेळगावकडच्या मुलांनी सोडू नये. दगड, माती, पोत्याचं किंतान, अळीव पेरून केलेली हिरवळ, वर मावळे. तयार किल्ल्याचा उभ्यानं काढलेला फोटो सगळ्यांकडे असतो. तुम्ही किल्ला बांधताना जा, जमिनीवर पालथे झोपा आणि मावळ्याच्या उंचीवरून बघा. चिखलाचा हात बुरुजावर फिरतोय, मागे पोराचं तोंड धूसर, एवढंच चौकटीत घ्या. एकाच किल्ल्याचा रोज एक फोटो, एकाच जागेवरून, असं पाच दिवस केलंत तर वर्गात दाखवायला एक पूर्ण मालिका होते.

पाडव्याला गवळी मंडळी म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, मोरपिसं आणि कवड्या घालून मिरवतात, पळवतात. तिथे शटर १/५०० च्या खाली आणू नका. उभं राहायचं ते बाजूला, कठड्यावर नाहीतर ओट्यावर. पळणाऱ्या म्हशीच्या समोर कधीच नाही, आणि जनावरावर फ्लॅश अजिबात नाही. म्हशी येण्याआधीचा एक तास जास्त मोलाचा असतो, गोठ्यात शिंगाला रंग लावणारा म्हातारा आणि मान खाली घालून उभी असलेली म्हैस. तिथे जायला ओळख लागते आणि ती घरातल्याच कुणाची तरी असते.

ओळखीच्या घरात मांडे होत असतील तर तेही सोडू नका. हातावर झेलत-झेलत पारी इतकी पातळ होते की तिच्यातून पलीकडची खिडकी दिसते. करणारीच्या मागे खिडकी येईल असे उभे राहा, पारी आतून उजळते.

सुगी आणि गुऱ्हाळ

दिवाळी झाली की खानापूर भागात भाताची सुगी आणि निपाणी-चिकोडीकडे उसाचा हंगाम सुरू होतो. मला विचाराल तर सुट्टीचे उरलेले दिवस या दोनपैकी एकाच कामाला द्या. दोन्हीकडे थोडं-थोडं केलंत तर दोन्हीकडचं वरवरचं हाताला लागतं.

भाताच्या शेतात सकाळी सातला धुकं असतं, आणि कापणी सुरू होते धुकं निवळल्यावर. त्यामुळे धुक्यातले फोटो आणि कामाचे फोटो असे दोन वेगळे वेळ धरा. मळणीच्या यंत्राजवळ कोंडा उडतो, तिथे लेन्स बदलू नका. सूर्याकडे तोंड करून काढलंत तर तो कोंडा चमकतो आणि माणसं काळ्या आकृत्यांसारखी दिसतात. चेहरा हवा असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या. दुपारी बांधावर जेवणं होतात तेव्हा कॅमेरा बाजूला ठेवून जेवायला बसा. "फोटोच काढतंय नुसतं, हात धू की गा," असं कुणी म्हणायच्या आत.

गुऱ्हाळाची मात्र तयारी करून जा. चुलवाणात चिपाड लोटणारा जळव्या एका बाजूला, रस उकळायच्या काहिलीजवळ गूळ करणारा गुळव्या दुसऱ्या बाजूला. रस उकळायला लागला की त्यात भेंडीचा रस घालतात, मळी वर येते, ती काढून टाकतात, आणि मग रंग बदलायला लागतो. गुळव्या उलथन्यासारख्या काविलतीनं थोडा पाक घेऊन पाण्यात टाकतो, बोटांत धरून गोळी बघतो. संपूर्ण गुऱ्हाळात त्या बोटांइतकं काढण्यासारखं दुसरं काही नाही. ते दोन-तीन सेकंदांत संपतं, पण प्रत्येक काहिलीला पुन्हा होतं. म्हणून पहिल्या काहिलीला नुसतं बघा, कुठे वाकतो, कुठल्या हातानं घेतो, आणि दुसऱ्या काहिलीला त्या जागी आधीच बसून राहा.

तिथे तांत्रिक अडचणी तीन. पहिली, थंड सकाळी बाहेरून आत गेलात की लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका, कॅमेरा बॅगेतच ठेवून बॅग आत पंधरा मिनिटं राहू द्या, मग काढा. दुसरी, पांढऱ्या वाफेमुळे कॅमेऱ्याचं मीटर फसतं आणि चित्र काळपट येतं. अर्धा ते एक स्टॉप वाढवून घ्या. तिसरी, उकळत्या पाकाचे शिंतोडे. लेन्सवर यूव्ही फिल्टर लावा, आणि काहिलीच्या काठावर कधीही झुकू नका. रस ओतताना माणसं घाईत असतात, त्यांची वाट मोकळी ठेवा. चुलवाणाच्या तोंडाशी जाळाचा उजेड सुंदर असतो. मॅन्युअलवर आयएसओ १६००, एफ २.८ किंवा लेन्सचं जे काय सर्वांत मोठं तोंड असेल ते, १/६०, आणि जळव्याच्या चेहऱ्यावर जाळ पडेपर्यंत थांबा.

किल्ला, हलशी, गोकाक

एक दिवस बाहेर पडावंसं वाटणारच. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती आहे, रट्ट राजांचा मंत्री बिचिराज यानं १२०४ साली बांधलेलं जैन मंदिर. मंडपाच्या छतावर दगडातलं उलटं कमळ लटकलेलं आहे आणि आत उजेड फार कमी. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत हातात धरून फोटो काढायला सहसा हरकत नसते, ट्रायपॉडला परवानगी लागते. त्यामुळे कॅमेरा जमिनीवर, रुमालावर, लेन्स आकाशाकडे करून ठेवा, दहा सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा. शटर एक सेकंद ठेवलं तरी कमळाच्या पाकळ्या स्वच्छ येतात. पूजा चालू असेल तर थांबा, आणि मूर्तीचा फोटो विचारल्याशिवाय नाही.

किल्ल्याच्या परिसरात आणि कॅम्पात सैन्याची हद्द आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच आहे. "छायाचित्रणास मनाई" असा बोर्ड दिसला की कॅमेरा बॅगेत, त्यावर वाद घालायचा नाही. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचं केंद्र आहे, म्हणून मित्राचा ड्रोन शहराच्या आसपास उडवायचा विचारही करू नका.

खानापूरजवळ हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर कदंबांच्या काळातलं, समोरासमोर दोन गाभारे असलेलं. खांबाला पाठ टेकून, श्वास सोडून, १/१५ वर हातात धरून काढायचा सराव करायला याहून शांत जागा नाही. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटरचा, पण त्याचं खरं रूप जुलै ते सप्टेंबरमध्ये. दिवाळीत त्याच्यासाठी दिवस घालवू नका. भीमगडच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरू नका, कुणी कितीही "माझी वाट माहितीची आहे" म्हणालं तरी.

विचारणं

आपल्या भागात अर्ध्या गल्लीत मराठी, अर्ध्या गल्लीत कन्नड, आणि बाजारात दोन्ही. संतेत, म्हणजे आठवडी बाजारात, कन्नड बोलणाऱ्या मावशींना "ओंद फोटो तगीलेन्री?" एवढं विचारता आलं पाहिजे. "आत्री" म्हणाल्या तर काढा, "ब्याडरी" म्हणाल्या तर हसून पुढे जा. मराठीत विचारताना वयस्कर माणसाला आजोबा, तात्या, अण्णा, बाईला आज्जी, मावशी, अक्का म्हणा. लहान मुलांचे फोटो घरच्यांना विचारून. मयताला, दवाखान्यात, भांडणात कॅमेरा काढू नका, तुमच्याच घरचं असलं तरी.

१ नोव्हेंबर दिवाळीच्या आसपास येतो. १९५६ साली त्या दिवशी भाषावार राज्यं झाली. बेळगावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक असते, दुसरीकडे सीमाभागातले मराठी लोक तो काळा दिन म्हणून पाळतात. शहरात मोठा बंदोबस्त असतो. हा विषय महत्त्वाचा आहे, आपल्या घराघरातला आहे. पण गर्दीत आणि बंदोबस्तात काम करायचा सराव नसलेल्या मुलांनी तिथे एकट्यानं कॅमेरा घेऊन जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. या विषयावर काम करायचंच असेल तर घरातल्या जुन्या कागदांपासून, आजोबांच्या आठवणींपासून सुरुवात करा. ते घराबाहेर कुणाला मिळणार नाही.

मुंबई

रात्रीची गाडी पकडलीत तर पोचल्यावर पहिला दिवस झोपेत जातो, तो धरूनच बेत करा. दिवस निवडता आले तर त्यात एक रविवार येऊ द्या. रविवारी सकाळी फोर्टमधले रस्ते मोकळे असतात, इमारतीसमोर गाड्या उभ्या नसतात. रेल्वेचा मेगाब्लॉक बहुधा रविवारीच असतो, म्हणून आदल्या रात्री वेळापत्रक बघून ठेवा. इतर दिवशी लोकलला सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ कॅमेऱ्याची बॅग घेऊन चढू नका. बॅग पाठीवर नाही, पोटावर.

आता उजेड. ओव्हल मैदानावर उभे राहा. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ, १८७८ चा राजाबाई टॉवर, अशी व्हिक्टोरियन गॉथिक दगडी रांग आहे. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग, गोल कोपरे, आडव्या पट्ट्या, फिके रंग. दोन्ही मिळून २०१८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पश्चिमेकडच्या आर्ट डेको इमारतींची तोंडं पूर्वेला, म्हणून त्यांच्यावर सकाळी ऊन पडतं. पूर्वेकडच्या गॉथिक रांगेची तोंडं पश्चिमेला, म्हणून तिच्यावर संध्याकाळी. नोव्हेंबरमध्ये मुंबईत सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे सात ते साडेआठ एका रांगेसमोर, चार ते सहा दुसऱ्या रांगेसमोर, आणि मधला वेळ गॅलऱ्यांत. एकाच मैदानात, पाठ फिरवून, एका दिवसात उजेडाचा अख्खा धडा शिकून होतो. तिसऱ्या मजल्याची खिडकी आणि पहिल्या मजल्याची खिडकी यांच्यावरची सावली दर पंधरा मिनिटांनी कशी सरकते, ते एकाच जागेवरून काढा.

हाच हिशेब इतर ठिकाणी लावा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं तोंड पश्चिमेला, म्हणून दुपारनंतर जा. मरीन ड्राइव्हच्या इमारतींवरही संध्याकाळचंच ऊन. गेटवेच्या मागे समुद्रातून सूर्य उगवतो, तेव्हा सकाळी गेटवे काळ्या आकृतीसारखा मिळेल आणि दुपारी दगडाचा पिवळा रंग दिसेल. या ठिकाणी ट्रायपॉड उघडलात की पोलीस किंवा सुरक्षारक्षक येऊन विचारणार, म्हणून तो नेऊच नका. नौदलाच्या गोदीच्या बाजूला कॅमेरा वळवायचा नाही. स्टेशनच्या आत फलाटावर काम करायचं असेल तर आधी स्टेशन मास्तरांना विचारा, लोकलच्या दारात लटकून तर कधीच नाही.

दुपारी काळा घोड्याला जा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासूनची, प्रवेश मोफत. समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, ते सोमवारी बंद असतं. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कला केंद्रात फोटोंसाठीची पिरामल गॅलरी आहे, तिथे प्रदर्शन चालू असेल तर ते चुकवू नका. मोबाइलच्या पडद्यावर हजारो फोटो बघून जे कळत नाही ते भिंतीवरच्या एका प्रिंटसमोर दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. काळ्यात किती काळं आहे, कागदाचा पोत कसा आहे, फोटो केवढा छापलाय आणि का. देशाच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला याच शहरात जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या. त्यांचे प्रिंट कुठे लागलेले दिसले तर सगळा बेत बाजूला ठेवून जा. कॅमेऱ्याचं काही बिघडलं असेल किंवा जुनी लेन्स हवी असेल तर फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला चक्कर मारा, पण पहिल्या दुकानात पैसे काढू नका. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशी आहे का बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती घेऊ नका, दर कितीही कमी सांगितला तरी.

मुंबईत माणसं काढायची एकच जागा तुमच्या हक्काची आहे, ती म्हणजे ज्यांच्याकडे उतरलात ते घर. आपल्याकडची, चंदगड-आजऱ्याकडची कितीतरी माणसं गिरण्यांच्या काळात लालबाग-परळला गेली. काका किंवा मावशीचे मिस्टर गिरणीत होते का, १९८२ चा संप झाला तेव्हा कुठे होते, हे जेवताना विचारा. चाळीत राहत असतील तर त्यांच्याच बरोबर गॅलरीतून चक्कर मारा, शेजाऱ्यांना ते ओळख करून देतील. तिथेही पद्धत आज्जीच्या वेळचीच. आधी जुने फोटो, वही, नावं-गावं, आणि मग दारातल्या उजेडात बसलेलं माणूस. गावाकडच्या ट्रंकेतल्या फोटोतला पोरगा आणि लालबागच्या खोलीतले काका एकच निघाले, तर दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावायचे आहेत हे तिथल्या तिथे वहीत लिहा.

परत निघताना

रोज रात्री कार्डावरचं लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरचं डिस्कवर उतरवा. कॉलेजला पोचेपर्यंत कार्ड फॉरमॅट करू नका. फोल्डरला नाव तारीख, गाव आणि माणूस असं द्या. "नवीन फोल्डर ३" मधून सहा महिन्यांनी काही सापडत नाही. जुन्या फोटोंच्या फाइलला आज्जीनं सांगितलेलं नाव द्या आणि घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर टाका. कडोलीची आत्या उत्तर देईल, "ती थोरली नव्हे, धाकटी." लगेच दुरुस्त करा.

वर्गात दाखवायचे फोटो निवडताना घाई करू नका. सगळे फोटो मोबाइलवर ठेवा आणि घरातल्याच दोघा-तिघांना न बोलता बघायला द्या. कुठे थांबतात, कुठे झूम करतात ते बघा. गुळव्याची बोटं, चिखलाचा हात, ओव्हलवरची सावली, अशा एकाच विषयाचे पाच-सहा फोटो वेगवेगळ्या वीस जागांच्या वीस फोटोंपेक्षा जास्त काही सांगतात.

आणि गावाहून निघायच्या आधी तिथल्या फोटो स्टुडिओत जाऊन प्रिंट काढून घ्या. चार बाय सहाच्या, खर्च फार येत नाही. ज्यांचे फोटो काढलेत त्या प्रत्येकाला एक, गुळव्याला, जळव्याला, म्हशीची शिंगं रंगवणाऱ्या आजोबांना, किल्ला बांधणाऱ्या पोरांना. हातात द्या, मागे पेन्सिलीनं नाव, गाव आणि तारीख लिहून. मुंबईच्या प्रिंट नंतर काढून काकांकडे पोस्टानं पाठवा. मोबाइलवर पाठवतो म्हणून सांगितलेलं बहुतेकदा राहून जातं, म्हणून बस पकडायच्या आधीच्या दिवसाची दुपार या कामासाठी मोकळी ठेवा.